सुगीचा पैसा आणि वीस तारखेचा कर: मराठवाड्यातल्या लहान व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडचा धंदा सुगीवर चालतो. मृगात बी-खत उधार जातं, सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे थोडा पैसा फिरतो, राहिलेला तुरीवर ढकलला जातो. सरकारचा जीएसटीचा हिशोब मात्र दर महिन्याच्या वीस तारखेला दारात उभा. दुकानदाराची निम्मी डोकेदुखी करामुळे नसते, या दोन तारखा जुळत नाहीत म्हणून असते, असं लोकांची रिटर्न भरता भरता माझं मत झालं आहे. खालचे प्रश्न लातूर, नांदेड, धाराशिव भागातले लोक दुकानात, लग्नात, एसटीत, कुठंही गाठून विचारतात.

एक खुलासा आधीच करतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लहान व्यापाऱ्याचा नफा ठोक टक्क्यांनी धरणाऱ्या कलमाला बाजारात अजून सगळे 'चव्वेचाळीस एडी'च (४४एडी) म्हणतात, म्हणून मीही जुनेच क्रमांक वापरले आहेत.

किती धंदा झाला की जीएसटी नंबर घ्यावा लागतो?

नुसता माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर. सेवा देत असाल, किंवा मालाबरोबर सेवाही असेल, तर २० लाखांच्या वर.

चूक होते ती उलाढाल मोजण्यात. कृषी सेवा केंद्राचंच बघा. बियाण्यावर कर नाही, खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के. मालक म्हणतात, "बियाणं करमुक्त आहे, ते कशाला धरायचं?" धरायचं. ४० लाख मोजताना करमुक्त विक्रीही मोजतात. शिवाय मोजणी दुकानागणिक होत नाही, पॅनगणिक होते. एकाच पॅनवर लातुरात दुकान आणि अहमदपुरात दुसरं असेल तर दोन्हींची बेरीज. मात्र जो फक्त आणि फक्त करमुक्त मालच विकतो, उदाहरणार्थ सुटी ज्वारी, भाजीपाला, त्याला कितीही धंदा झाला तरी नंबर लागत नाही.

आमचं गाव सीमेवर आहे. तेलंगणात, कर्नाटकात माल गेला तर काय फरक पडतो?

फार पडतो. देगलूर, धर्माबाद, उदगीर, उमरगा इथल्या लोकांनी हे उत्तर नीट वाचावं. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की ४० लाखांची सवलत संपली, पहिल्या रुपयापासून नंबर लागतो. वसमतची हळद पावडर वर्षाला ५ लाखांचीच विकता, पण त्यातली दोन पोती ट्रान्सपोर्टनं हैदराबादच्या दुकानदाराला पाठवता, तर तुम्ही नोंदणीच्या कक्षेत आलात. सेवेला ही अट नाही. उदगीरचा मेकॅनिक बिदरला जाऊन मोटार दुरुस्त करून आला तर त्याची २० लाखांची मर्यादा कायम राहते.

बासरहून गिऱ्हाईक स्वतः धर्माबादला आलं, काउंटरवर पैसे देऊन मिरचीचं पोतं घेऊन गेलं, बिलावर तेलंगणाचा पत्ता नाही, तर ती इथलीच विक्री धरतात. माल तुम्ही पोचवता का गिऱ्हाईक उचलतं, आणि बिलावर पत्ता कुठला, याकडे लक्ष ठेवा.

ई-वे बिलाचंही, म्हणजे माल गाडीतून नेताना पोर्टलवरून काढायच्या कागदाचंही, इथंच सांगतो. करपात्र माल राज्याबाहेर जात असेल तर ५०,००० च्या वर लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर.

कंपोझिशन घ्यावं का?

कंपोझिशन म्हणजे लहान धंद्यानं उलाढालीवर ठोक टक्क्यानं जीएसटी भरायची योजना. ज्याची गिऱ्हाइकं घरगुती आहेत, बिलावर जीएसटी मागत नाहीत, त्यानं घ्यावं. व्यापारी आणि कारखानदाराला १ टक्का, हॉटेल-खानावळीला ५ टक्के. मर्यादा दीड कोटी. दर तिमाहीला सीएमपी-०८ हा फॉर्म, वर्षाला जीएसटीआर-४ हे एक विवरणपत्र, झालं.

पण हा कर स्वतःच्या खिशातून द्यायचा असतो. गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. दुसऱ्या राज्यात विक्री करता येत नाही. खरेदी करता येते बरं का, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ते उगाच गुजरातचा माल सोडून देतात. पुढच्या वर्षासाठी निवड करायची तर ३१ मार्चच्या आत सीएमपी-०२ फॉर्म भरा. एप्रिलमध्ये आठवण झाली की वर्ष गेलं.

जूनमध्ये माल उधार दिला, पैसे दिवाळीत येणार. जीएसटी कधी भरायचा?

ज्या महिन्याचं बिल, त्या महिन्याचा कर. पैसे आले का नाही, हे जीएसटी विचारत नाही. हे ऐकलं की माणूस आधी तापतो, म्हणून मी कागदावर आकडे मांडून दाखवतो.

समजा, १० जूनला ठोक व्यापाऱ्याकडून ९०,००० चं कीटकनाशक उधार आणलं. त्यावर १८ टक्के, म्हणजे १६,२०० जीएसटी. तेच शेतकऱ्यांना १,००,००० अधिक १८,००० अशा भावानं उधार दिलं. गल्ल्यात रुपया आला नाही. तरी सरकारला द्यायचे १८,००० वजा १६,२००, म्हणजे १,८००. इथपर्यंत सोसण्यासारखं आहे.

पण ते १६,२०० वजा होण्यासाठी ठोकवाल्यानं त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, तुमचं बिल दाखवलेलं असलं पाहिजे. ते दाखवलं का, हे दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या खरेदीच्या यादीत, दिसतं. त्यानं बिल टाकलंच नाही तर तुमच्या खिशातून १,८०० ऐवजी पूर्ण १८,००० जातात. म्हणून १४ ला २बी उघडायचा, आपल्या खरेदीच्या बिलांशी जुळवायचा, आणि जे दिसत नाही त्यासाठी लगेच फोन करायचा. १९ तारखेच्या रात्री फोन केला तर समोरचा उचलत नाही, हा माझा अनुभव.

खरी मेख पुढं आहे. खरेदीच्या बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत ठोकवाल्याचे पैसे दिले नाहीत तर घेतलेली वजावट व्याजासकट परत करावी लागते. १० जूनचे १८० दिवस ७ डिसेंबरला भरतात. सोयाबीन चांगलं झालं तर दिवाळीत वसुली होते आणि तुम्ही त्याचे पैसे देऊन मोकळे होता. पाऊस ओढला किंवा उभ्या पिकात पाणी साचलं, की शेतकरी म्हणतो "तुरीवर देतो", आणि तूर यायची जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर ७ डिसेंबर उलटून जातो. परत केलेली वजावट पैसे दिल्यावर पुन्हा घेता येते, पण व्याज गेलं ते गेलं.

म्हणून माझ्याकडच्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकच काम सांगतो. जूनची खरेदीची बिलं वेगळी काढा, प्रत्येकावर लाल पेननं १८० व्या दिवसाची तारीख घाला. जो पैसा येईल तो आधी त्या बिलांना. बँकेतून पाठवताना बिल नंबर लिहा. नुसते 'खात्यावर' पाठवले की कोणत्या बिलाचे, यावर नंतर वाद होतो.

उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर विवरणपत्र तिमाही भरायची सोय आहे. तरी तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पीएमटी-०६ चलनानं पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो. 'तीन महिन्यांनी एकदाच' हा समज काढून टाका.

उधारी बुडाली तर भरलेला जीएसटी परत मिळतो का?

नाही. माल परत आला तर क्रेडिट नोट काढता येते. गिऱ्हाईकच बुडवून गेलं तर कर सरकारजमा.

मुदतीचं मात्र लक्षात ठेवा. उधार मालाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारणपणे माल दिल्यापासून तीन वर्षं असते. मुदत संपायच्या आत त्यानं 'इतके रुपये देणे आहे' असं लिहून सही केली तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्यानं मोजतात. दर पाडव्याला बाकी काढून वहीत गिऱ्हाइकाची सही घेणारे जुने लोक कायदा न वाचता बरोबर तेच करत होते. आता पोरं व्हॉट्सॲपवर आकडा टाकतात, तिकडून अंगठ्याची खूण येते, आणि आम्हाला वाटतं काम झालं. वहीवरची सही घ्या.

पावसात दुकानातला माल भिजला. कराचं काय?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर हा प्रश्न मला फार आला आणि उत्तर देताना दर वेळी जीभ जड झाली. नष्ट झालेल्या, चोरीला गेलेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. म्हणजे माल गेला आणि वर करही. विमा असेल तर दाव्यात नुसती मालाची किंमत लिहू नका, परत करावा लागणारा जीएसटीही मागा. फोटो, पंचनामा आणि त्या दिवसाचा स्टॉक दाखवणारा कागद, तिन्ही लागतात.

त्याच पावसात एका किराणा दुकानदाराची उधारीची वही पाण्यात गेली. त्याच्या आईनं पान न् पान चुलीजवळ धरून वाळवलं. आकडे मालकानं बॉलपेननं लिहिलेले, ते राहिले. नावं पोरानं जेलपेननं लिहिलेली, ती धुऊन गेली. ३,४५० येणे आहेत, पण कुणाकडून, ते सांगायला पान तयार नाही. दर शनिवारी उधारीच्या पानांचा मोबाईलवर फोटो काढून गूगल ड्राइव्हवर टाकायला दहा मिनिटं लागतात.

यूपीआय घेतलं तर नोटीस येते म्हणतात, खरं का? क्यूआर काढून टाकू?

काढू नका. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या, त्यात भाजीवालेही होते, तेव्हापासून ही भीती इकडं आली. जमा झालेली प्रत्येक रक्कम विक्रीच असते असं नाही. भाच्यानं परत केलेले उसने, बायकोच्या भिशीचे पैसे, घरभाड्यातला वाटा, सगळं एकाच खात्यात असलं तर कर खात्याला ते विक्रीच दिसणार. दुकानाचं खातं वेगळं, त्याचा क्यूआर वेगळा, आणि घरचा क्यूआर काउंटरवर चिकटवायचा नाही. एवढं केलं की नोटीस आली तरी उत्तर दोन पानांत होतं.

यूपीआय घेण्यात फायदाही आहे. तो पुढच्या प्रश्नात.

वह्या न ठेवता आयकर भरता येतो म्हणे, ६ आणि ८ टक्के काय भानगड आहे?

ते ४४एडी. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर नफा ठोक टक्क्यांनी धरतात. रोखीत आलेल्या विक्रीवर ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीवर ६ टक्के. रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ३ कोटी.

८० लाखांची विक्री, त्यात ६० लाख बँकेतून, २० लाख रोख. नफा ३,६०,००० अधिक १,६०,०००, एकूण ५,२०,०००. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत सूट असल्यानं कर शून्य. विवरणपत्र मात्र भरायचंच. कर शून्य म्हणून रिटर्न न भरणारा माणूस पुढच्या वर्षी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेत गेला की माझ्याकडे धावत येतो.

सुगीवाल्यांसाठी एक बारकावा. मार्चअखेर उधारीत असलेली विक्री विवरणपत्राच्या मुदतीच्या आत बँकेतून आली तर तिच्यावरही ६ टक्केच.

आणि एक धोका. खराब वर्षी 'माझा नफा २ टक्केच आहे' म्हणून ४४एडी सोडलं, तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही लागतं. एका वर्षाच्या रागात निर्णय घेऊ नये. कर लागत असेल तर ४४एडीवाल्यांनी १५ मार्चच्या आत एका हप्त्यात आगाऊ भरावा.

माझी मोंढ्यात आडत आहे. मलाही ४४एडी लागू?

नाही. कमिशन, दलाली आणि एजन्सीचं उत्पन्न यातून वगळलेलं आहे. तरीही आडत्यांची विवरणपत्रं या कलमाखाली भरलेली मी पाहिली आहेत. भरणाऱ्यानं नीट विचारलं नव्हतं, एवढंच.

आडत्याच्या उलाढालीचाही गोंधळ असतो. कच्ची आडत असेल, म्हणजे शेतकऱ्याचा माल त्याच्या वतीनं विकून तुम्ही फक्त आडत घेता, तर तुमची उलाढाल म्हणजे ती आडत. पक्की आडत असेल, म्हणजे सौदा तुम्ही स्वतःच्या जोखमीवर करता, तर सगळी विक्री तुमची उलाढाल. हा भेद केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १७ मार्च १९८६ च्या परिपत्रकापासून, क्रमांक ४५२ पासून, चालत आला आहे. ऑडिट लागतं का नाही, हे यावर ठरतं. त्यामुळे पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला देता त्या हिशोबाच्या पावतीवर, काय छापलंय ते आधी वाचा.

रोखीनं किती व्यवहार करता येतो?

धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही. ट्रकभाड्याला ३५,००० पर्यंत चालतं. शेतकऱ्याकडून थेट शेतमाल घेतला तर या अटीतून सूट आहे, मोंढा त्याच्यावरच चालतो.

पण २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका सौद्यापोटी, घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. इथं घेणारा अडकतो, म्हणजे शेतकरी. तेव्हा मोठी पट्टी बँकेतूनच द्या. हातउसने २०,००० किंवा जास्त रोख घेणं किंवा फेडणंही असंच अंगलट येतं. 'साडू आहे हो माझा' हे कारण मी एकदा उत्तरात लिहून पाहिलं आहे.

माझं वाळूजला जॉबवर्क आहे. कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते. काही इलाज?

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती फुकट आहे, आधारवर होते. १,५०० रुपये मागणाऱ्या साइटी सरकारी नाहीत. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आयकराच्या ४३बी(एच) नुसार मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षी मिळतं. त्यामुळे मार्चमध्ये कंपनीचा अकाउंटवाला स्वतःहून फोन करतो. नुसत्या व्यापाऱ्याला, म्हणजे खरेदी-विक्रीवाल्याला, हे संरक्षण नाही.

पैसे थकले तर लहान उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण ज्याचं पूर्ण शेड एकाच कंपनीवर चालतं तो तक्रार करत नाही, आणि मी त्याला भित्रा म्हणणार नाही. निदान उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा.

व्यवसाय कर आणि जीएसटी एकच का?

नाही. स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५००, ३० जूनच्या आत.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

दिवसाला दहा-पंधरा बिलं असतील तर मोबाईलवरचं व्यापार किंवा मायबिलबुक पुरतं. स्टॉक मोठा, दोन-तीन गोडाऊन, ऑपरेटर ठेवायची तयारी असेल तर टॅली. नाव महत्त्वाचं नाही. घेण्याआधी सॉफ्टवेअर विकणाऱ्याला एवढंच विचारा की उद्या हे सोडायचं ठरवलं तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर निघेल का. तो अडखळला तर घेऊ नका. चोरून बसवलेली टॅली घेऊ नका, ती बंद पडते तेव्हा नेमकी १८ तारीख असते.

ओटीपी दुसऱ्याच्या मोबाईलवर जातो, काय करू?

आज बदला. जीएसटी आणि आयकर दोन्ही पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल मालकाचाच हवा. पुष्कळ ठिकाणी नंबर काढून देणाऱ्यानं सोयीसाठी स्वतःचा टाकलेला असतो. माझ्याकडे आलेल्या एका टायरवाल्याचा ओटीपी जुन्या सल्लागाराकडे जायचा. दोघांचं फिसकटलं, फोन बंद, आणि नोटीस पोर्टलवर चार महिने तशीच पडून. "साहेब, मला तर काहीच आलं नाही," तो म्हणत होता आणि ते खरंच होतं. लॉगिन, पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहू नका, पण मालकाला माहीत असूद्या.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेची किंवा चलानाची एपीके फाइल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका. पैसे आल्याचा नुसता स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, खात्यात बघा किंवा साउंडबॉक्स बोलू द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

दुकान बंद केलं, आता रिटर्न कशाला?

नंबर रद्द केला नाही तोवर शून्याचंही भरावं लागतं. उशिराला दिवसाला २० रुपये, एका विवरणपत्राला ५०० पर्यंत. नंबर रद्द झाला की तीन महिन्यांत जीएसटीआर-१०, म्हणजे शेवटचा रिटर्न, भरायचा, तोच सगळे विसरतात.

वही दिवाळीला पूजायची का १ एप्रिलला?

पूर्वी दिवाळी ते दिवाळी हिशोब चालायचा. १९८९ पासून आयकराला सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. पूजा लक्ष्मीपूजनालाच करा, त्या दिवशी सोयाबीनचा पैसा हातात असतो आणि उधारीची बाकी मिळवायला त्याहून चांगला मुहूर्त नाही. आमच्याकडे आता वहीशेजारी लॅपटॉप मांडतात, त्यालाही हळदकुंकू लागतं. फक्त कीबोर्डवर अक्षता टाकू नका. गेल्या पाडव्याला एका गिऱ्हाइकाचा तांदळाचा दाणा ८ च्या बटणाखाली अडकला, आणि दुपारपर्यंत त्याच्या एकाही बिलात १८ टक्के उमटेना.